अर्जातली एक ओळ

बारामतीच्या कोर्टाबाहेरचा तो टायपिस्ट खोटं ऐकलं की टायपिंग थांबवायचा. गोठ्याच्या जागेच्या दाव्याचं समन्स मी परत धाडलं होतं, कारण त्यावर माझ्या नावापुढं ‘राव’ नव्हतं. मग निकाल एकतर्फी लागला. मी टायपिस्टकडं गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोर्टाचा बेलिफ माझा म्हशींचा गोठा पाडायला येणार होता. स्थगितीच्या अर्जासाठी मी सांगितलं, “तारखेला आजारी होतो.” त्याची बोटं थांबली. शेवटी खरं सांगितलं. त्यानं लिहिलं, ‘अर्जदाराने अडाणीपणामुळे समन्स नाकारले.’

“अडाणी? चौथी पास हाय मी!”

“आबा, गोठा वाचवायचा का रुबाब?” त्यानं मान वर न करता विचारलं.

मी गुमान सही केली. न्यायाधीशांनी ती ओळ वाचली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि स्थगिती दिली. अडाणीपणाचा पुरावा काही मागितला नाही.