अण्णांची मिशी आणि मातीचा घोडा

आमच्या अण्णांची मिशी चीनमध्ये राहिली, आणि त्याला कारण मीच आहे, हे आधीच कबूल करते.

आमचं घर गडमुडशिंगीतल्या कुंभारांचं. अण्णा म्हणजे माझे वडील. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. बी.ए.ला इतिहास होता. पुस्तकात एक फोटो होता: चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याशेजारी पुरलेली फौज. माणसाएवढे हजारो शिपाई, घोडे, सगळे मातीचे, सगळे भाजलेले. मी पुस्तक घेऊन पळतच अण्णांकडं गेले. ते चाकावर बसले होते. हात न पुसताच त्यांनी मान वाकडी करून फोटो बघितला.

"सिमेटचं हाय."

"अण्णा, दोन हजार वर्षांपूर्वी सिमेंट कुठलं?"

"मग पुस्तक खोटं हाय. एवढं मोठं भाजून होत न्हाय. मातीचं निघालं तर मिशी उतरवतो, जा!"

एवढ्या जोरात बोलायला कारण होतं. मी शाळेत असताना त्यांनी देवाला वाहायला छातीएवढा मातीचा घोडा केला होता. सगळी गल्ली बघून गेली. पण आव्यात, म्हणजे आमच्या भट्टीत, तो बॉम्बसारखा फुटला. त्यानंतर अण्णांनी मोठं काम सोडलं. कुंड्या, पणत्या, बस्स. घोड्याचं नाव घरात कुणी काढायचं नाही.

आता मी स्वतः इतिहास शिकवते. यंदा माझ्या पगारातून सहल ठरवली, ती फौज आहे त्या शान्शी प्रांताची, अण्णांची आणि माझी. आईचे गुडघे तिला सोडेनात. निघताना तिनं एवढंच बजावलं, "आवो, मिशी नेताय तशी परत घिऊन या. लग्नापास्नं तुमचा वरचा ओट बघितला न्हाय मी. आता या वयात बघायची हिंमत न्हाय."

"सिमेट बघतो आणि आलोच," अण्णा म्हणाले.

शिआन शहरात उतरल्यापासून अण्णांनी सगळं बोटांनी वाजवून बघायला सुरुवात केली. शहराभोवतीच्या जुन्या तटाची वीट वाजवली: "भाजणी चांगली हाय." देवळातलं कौल वाजवलं. जेवताना पट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स आल्या, तर त्या राहिल्या बाजूला, आधी वाडगा वाजवला. आमची गाईड पिवळा झेंडा घेतलेली एक तरुण मुलगी होती. तिनं मला हळूच इंग्रजीत विचारलं, तुझे वडील काय शोधतायत? मी म्हटलं, ते कुंभार आहेत. तेव्हापासून ती त्यांना 'मास्टर' म्हणायला लागली आणि दिसेल ते गाडगं वाजवायला त्यांच्यासमोर धरायला लागली. अण्णांची मान अशी ताठ, की मिशी दोन बोटं वर गेली.

मग आम्ही फौज पुरलेल्या त्या मोठ्या खड्ड्यापाशी पोचलो. वर विमान मावेल एवढं छप्पर, खाली रांगाच रांगा. अण्णांनी कठडा धरला. आता वाजवायला काही हाताला लागणार नव्हतं, नुसतं बघायचं होतं. पुढं काही शिपाई बिनमुंडक्याचे उभे होते आणि मानेच्या जागी काळं भोक दिसत होतं.

"अगं, आतनं पोकळ हायत! पाय भरीव, वर पोकळ! मुंडकं येगळं करून बसवलंय!" अण्णा ओरडले. मग गाईडला दंडाला धरून मराठीतच समजावायला लागले. तीही मान डोलावत होती.

"मातीचंच हाय ना, अण्णा?" मी सरळ मुद्द्यावर आले.

"व्हय," ते म्हणाले. मग मिशीला हात लावत, "पण बघ की, सगळ्यांना मिशा हायत."

"त्यांच्या राहू देत. तुमचीच तेवढी जाणार."

पुढच्या रांगेत घोडे होते, चार शेजारी शेजारी. अण्णा कठड्यावरून पुढं वाकले. एका घोड्याच्या कुशीत वाटीएवढं गोल भोक होतं. दुसऱ्याच्याही. चौघांच्याही.

"वाफ जायला ठेवलंय," अण्णा हळू म्हणाले. "मडक्याला तोंड असतंयच गं. त्याची काळजी करावी लागत न्हाय. घोड्याला तोंड ठेवायचं मला सुचलंच न्हाय. चारी बाजूंनी बंद करून टाकला बिचाऱ्याला."

मला वाटलं, आता रडतात. तर ते हसायला लागले. "एवढंसं भोक! एका भोकापायी इतकी वर्सं पणत्या केल्या मी!" कठड्यावर थाप मारून हसत होते. पहारेकरी आला. मी हसू लागले, काही न कळता गाईडही हसू लागली, आणि पहारेकऱ्याला कुणावर ओरडावं तेच समजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तटाजवळ एक म्हातारा न्हावी झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. अण्णा सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले. मी गाईडला मिशीची सगळी हकीकत सांगितली आणि तिनं ती न्हाव्याला, तेव्हा त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि डोळे पुसेपर्यंत हसला. मग काहीतरी विचारलं.

"तो म्हणतोय, शब्द मोडला तर इथं बघायला कोण आहे?" मी अण्णांना सांगितलं.

"त्याला म्हणावं, फौज बघतीया की!"

मिशी गेली. अण्णांनी माझ्याकडं तोंड वळवलं आणि मला चक्क माझाच ओठ दिसला, तसाच मधे जरा खचलेला. आजवर मला सगळे आईसारखी म्हणत आले होते.

घरी पोचलो तर आई दारातच. तिनं अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "कुणाकडं आलाय, पावणं?"

"सर बाजूला," अण्णा म्हणाले. "माती भिजत घालायची हाय. घोडा करणार हाय मी. भोकासकट!"