दामूच्या घरचा लाल कोंबडा

सापगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या दामूची बायको मैना हळूहळू सगळे विसरत चालली आहे. गेल्या हिवाळ्यात ती दामूलाच विसरली. त्याने भाताचे ताट पुढे ठेवले की विचारते, "पावणं, तुमी घरी कवा जाल?" पूर्वी तिने त्याला ‘अवो’ म्हणून हाक मारली की ती नदीपर्यंत ऐकू जाई. ते ‘अवो’ पुन्हा ऐकायचे, एवढाच दामूचा ध्यास.

त्याच्या लेकीने, अनिताने, कल्याणहून मोबाइलवर एक कार्टूनपट पाठवला. बोलणे सगळे इंग्रजी, म्हणून तो माझ्याकडे घेऊन आला. त्यात मेंदू म्हणजे काळोखे घर, आठवणी म्हणजे दिवे आणि भावना म्हणजे ते दिवे राखणारे पक्षी. आनंद हा पिवळा हळद्या, भीती टिटवी, राग लाल कोंबडा. भावना जितकी तीव्र तितका तो दिवा जास्त टिकतो. एवढे मानसशास्त्र खरेच आहे, मीही ते वाचले आहे. पण पुढे त्यातल्या आजोबांचे दिवे विझू लागतात, तेव्हा बाकीचे पक्षी मिळून कोंबड्याला खुराड्यात कोंडतात, हळद्या गातो आणि घर उजळते. तिथे माझी चिडचिड झाली.

"दामू, इतके सोपे नसते ते."

"शाण्या लोकांनी काडलाय ना वैनी? मंग?"

मग तो मैनेला आनंद देत सुटला. जत्रेतल्यासारखी जिलेबी आणली, लग्नातली गाणी लावली, सिद्धगडाच्या पायथ्याशी तिच्या माहेरी नेऊन आणले. मैना जिलेबी खाई आणि म्हणे, "पावणं भला मानूस हाय." दामू रोज माझ्या ओटीवर येऊन तणतणे, "भला मानूस होऊन काय करू मी?"

वैशाखात राब भाजायची वेळ आली. भाताचे रोप जिथे टाकायचे, तिथे शेण, पाला, गवत पसरून जाळतात. वारा ज्या टोकाकडे वाहतो तिथून आग लावायची, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध हळू सरकते आणि माती नीट भाजते. त्या सकाळी मैनेने पुन्हा ‘पावणं’ म्हटले होते. वैतागलेल्या दामूने भलत्याच टोकाला काडी लावली. ज्वाळा सरसर धावल्या. वरचे गवत जळाले, खालचे शेण तसेच राहिले.

बांधावर बसलेली मैना ताडकन उठली.

"अवो, डोल्यांत माती गेली काय? वाऱ्याकडनं लावतात? दरवर्षी सांगायचा, दरवर्षी त्याच. आता रोप काय तुमच्या टकलावर टाकू?"

दामूच्या हातातली काठी गळून पडली. "आनखी बोल गो."

"बोलू काय? घशाला कोरड पडलीय. पानी आना आदी."

तो धावत जाऊन तांब्या भरून आला. तोवर ती पुन्हा बांधावर बसली होती. पाणी पिऊन म्हणाली, "पावणं, उनात कशाला एवडा तरास घेता?"

संध्याकाळी दामू माझ्याकडे आला. कार्टूनपट त्याने मोबाइलमधून काढून टाकला होता.

"कोंबड्यालाच कोंडला त्यांनी, वैनी. आमच्या घरात तोच तर जागा हाय."

"मग उद्या पुन्हा चिडव तिला."

"कशानं? राब वर्षातनं एकदाच भाजतात."