बाबांचा डावा पाय

गोंदियात माझं गॅरेज आहे. गाडी आत आली की बॉनेट उघडण्याआधीच मला अर्धं कळलेलं असतं, आणि हे सांगताना मी मुळीच लाजत नाही. माहेरी, नवेगाव बांध या गावी, मात्र माझं कोणी ऐकत नाही. तिथे मी धाकटी.

म्हणून दादाने बाबांच्या जुन्या जीपची किल्ली काढून घेतली हे मला फार उशिरा, तेही वहिनीकडून फोनवर कळलं. बाबा तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, चढवताना इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी हलेना, जळका वास सुटला. बाबांचा पाय क्लचवरून उठतच नाही, वय झालं, असा दादाने निकाल देऊन टाकला. माझं डोकंच फिरलं. या बाबांनीच मला याच जीपवर गाडी शिकवली होती. गिअर बदलल्यावर पाय पेडलवर रेंगाळला की ते गुडघ्यावर चापट मारायचे.

रविवारी गेले तर बाबा ओसरीत बसून डावा गुडघा दाबत होते. "दादा बरोबरच सांगून राहिला," ते म्हणाले. "पाय आता आपला नाही राहिला." आठवडी बाजार, तलावावरून मासळी आणणं, सगळं त्यांनी सोडून दिलं होतं. मला ते बघवेना.

मी जीप सुरू केली, हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन धक्का खाऊन बंद पडायला हवं होतं. ते मजेत गुरगुरत राहिलं. पेडलची ढील बरोबर होती, म्हणजे नुसतं अ‍ॅडजस्ट करून भागणार नव्हतं. क्लच प्लेट गेली होती. ती कोणी घालवली, एवढाच प्रश्न होता.

पुढच्या रविवारी मी नवीन सामान घेऊन गेले. गिअरबॉक्स उतरवायला दुसरे हात लागतात, म्हणून दादाला जीपखाली बोलावलं. तोंड वाकडं करत तो शेजारी आडवा झाला. जॅकवर घेतलेला गिअरबॉक्स आम्ही मागे सरकवला, आणि आतून दादाच्या छातीवर मूठभर तणस, वाळका पेंढा, पडली. सोबत धानाची एक लोंब.

मी आधी क्लचचं बेअरिंग फिरवून पाहिलं. अगदी गुळगुळीत फिरलं. सतत पेडलवर पाय ठेवणाऱ्याचं हेच बेअरिंग खरखरायला लागतं. प्लेट मात्र काळीठिक्कर, आणि ती जिथे टेकते त्या लोखंडी चाकावर तापून पडलेले निळे डाग. कोणीतरी थोड्याच वेळात, भरपूर ओझं असताना, अर्ध्या क्लचवर गाडी रेटली होती.

"बाबा जीप खळ्यावर नेतात का?" मी विचारलं.

दादा छातीवरची तणस झटकू लागला. ओट्यावरून वहिनीच बोलली, "सांगा ना आता. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनले गेले होते. आभाळ भरून आलं, ट्रॅक्टर भेटला नाही. त यायनं जीपनंच चुरणा केला."

खळ्यावर धान पसरायचं आणि दाणे सुटेपर्यंत त्यावर गोल गोल चाकं फिरवायची, हा चुरणा. दादाने दुपारभर जीपला रांगायला लावून तो उरकला होता.

"धान भिजला असता," दादा म्हणाला. "मले का मालूम प्लेट जाते म्हणून?"

"धान वाचवला ते चांगलं केलं. पण बाबाच्या पायावर काऊन ढकललं?"

बाबा कधी येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलंच नाही. आता दादाची खैर नाही, असं मला वाटलं. पण ते वाकले आणि मलाच विचारलं, "म्हणजे माया पाय चांगला हाये?"

मी ते गुळगुळीत बेअरिंग त्यांच्यापुढे फिरवून दाखवलं. "चांगलाच आहे, बाबा."

संध्याकाळी नवी प्लेट बसल्यावर दादाने स्वतः किल्ली त्यांच्या हातात दिली. मी पुढे बसले, तो मागे. पाळीच्या चढावर बाबांनी गिअर बदलला आणि पाय पेडलवरून काढून सरळ खाली टेकवला. जीप न कुरकुरता वर आली. वर पोचल्यावर त्यांनी ती थांबवली आणि दादाकडे वळले.

"ये समोर. पाय कुठं ठेवाचा ते शिकवतो."

मी मागे जाऊन बसले. दादाने पहिला गिअर टाकला, गाडी निघाली, आणि त्याच्या गुडघ्यावर चापट बसली.