घरमालकांचं पूर्णवेळ एमबीए

भाडेकरूला छळण्याचे जेवढे प्रकार जगात आहेत, ते सगळे आमच्या घरमालकांनी सोडून दिले आणि त्याऐवजी एमबीएची प्रवेशपरीक्षा द्यायला घेतली. नोकरीसाठी लातूरहून आलेला मी बावधनला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. मालकांचं वय त्रेचाळीस, चार म्हशी, वीस वर्षांपूर्वीची बी.कॉम.ची पदवी आणि विकता विकता उरलेली दोन एकर जमीन. "जमीन मागाय येनारी बिल्डरची समदी पोरं एमबीए. हे दोन एकर मला इकायचं न्हाई, हितं सोताच कायतरी उभं करायचंय. मग तेंची इद्या आपल्याला नको व्हय?" मी संध्याकाळचा वर्ग सुचवला, तर म्हणाले, "अर्ध्या वेळात अर्धीच अक्कल येती, सायेब. घ्यायची तर पूर्णवेळ!"

झालं! पहाटे साडेपाचला दार वाजायचं आणि मालक पुस्तक घेऊन उभे. पाण्याची मोटर लावायचं मात्र त्यांच्या लक्षात राहायचं नाही, त्यामुळे शिकवणी आटोपून मी बिनआंघोळीचा ऑफिसला जायचो. बरं, गणितात त्यांना काही शिकवायची गरजच नव्हती. पावकी-निमकीच्या जोरावर ते माझ्या आधी उत्तर सांगायचे. गाडी अडायची इंग्रजी उताऱ्यांवर. उतारा वाचून प्रश्न सोडवायचे सोडून ते लेखकाशीच भांडायला लागायचे. "ह्यो कदी शेतात गेलाय का? चुकीचं लिवलंय. मी उत्तर देनार न्हाई!" अर्जासोबत वरिष्ठांचं शिफारसपत्र हवं होतं. आयुष्यात यांना वरिष्ठ कोण? त्यांनी ऐंशी वर्षांच्या वडिलांनाच पुढे बसवलं. म्हातारबुवांनी सांगितलं, "पोरगं शब्दाचं पक्कं हाय, जनावराला मारत न्हाई." त्याचं इंग्रजी मी केलं. कपाळावर हात मारून घेतला, पण केलं.

एवढं करून मालक लेखी परीक्षा पास झाले! गटचर्चेचं बोलावणं आलं तेव्हा मी त्यांच्याकडून आठवडाभर एकच गोष्ट घोकून घेतली: काहीही बोला, पण बोला. संध्याकाळी ते परतले. मी जिन्यातच विचारलं, "काय बोललात?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"आवो, धा जनांत थोरला मीच. आमच्या बैठकीत थोरला शेवटी बोलतो. त्यानं आदी तोंड उगाडलं की बारक्यांची मनातली गोष्ट मनातच ऱ्हाती. समद्यांचं नीट ऐकलं, आता बोलावं म्हनलं, तर मास्तर म्हनला, वेळ संपली."

मी संतापलो. एवढ्या पहाटा माझ्या पाण्यात गेल्या म्हणून तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच चहा पाजला. यादीत त्यांचं नाव आलं नाही. पुढच्या वर्षी वयाची आणखी भर पडणार, म्हणून त्यांनी पुस्तकं माझ्याकडे आणून ठेवली. दोन एकरांपैकी एक पुढे विकावाच लागला, असं मी ते घर सोडल्यावर कानावर आलं.

परवा ऑफिसात नव्या कामावर चर्चा होती. सगळ्यांत मोठा आता मीच. सवयीने मीच आधी बोललो, चांगली दहा मिनिटं. मग विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" पोरं वह्यांकडे बघत राहिली. त्या क्षणी मला मालकांची फार आठवण आली. एक मुलगी काहीतरी बोलणार होती, ती हळूच म्हणाली, "नाही सर, तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे."