बिबट्याची बातमी आणि मामीचं दूध केंद्र

मी घरून काम करते, त्यामुळे लॅपटॉप आणि नेट असेल तिथे मला राहता येतं. गेल्या हिवाळ्यात नगरच्या आमच्या घरात रंगकाम निघालं, म्हणून आईने मला श्रीगोंद्याकडे मामाच्या गावी पाठवलं. तेव्हा माझी सवय अशी होती की डोळे उघडले की आधी बातम्या. युद्ध, अपघात, कुठला तरी पूर, आणि त्याखाली भांडणारी माणसं. दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं, तरीही काहीतरी कळायचं राहून गेलंय असं वाटत राहायचं. याबद्दल मी कुणाशी बोलत नसे. मी तशी फारशी कुणाशीच बोलत नाही.

मामी गावातलं दूध संकलन केंद्र चालवते. सकाळ-संध्याकाळ वस्त्यावस्त्यांवरून लोक किटल्या घेऊन येतात, ती मशीनवर फॅट बघते, पावती देते आणि तेवढ्यात दोन शब्द बोलून घेते. घरी तिच्या बातम्या म्हणजे सकाळच्या भाकरीबरोबर लागणारा रेडिओ. बातम्या संपल्या की पिठाचा हात वर धरून ती कोपराने बटण बंद करते.

"एवढ्यात सगळं कळतं?" मी एकदा विचारलं.

"सगळं कशाला पायजे?" भाकरी उलटत ती म्हणाली. "लॉकडाऊनमधी मी दिवसभर टीव्हीपुढं बसायचे. कुठल्या देशात किती मेली, तोंडपाठ हुतं. आन् शेजारची म्हातारी तापानं फणफणलेली, ते मला लई उशिरा कळलं. वाचली बिचारी. पन मी तवापासून टीव्ही लावत न्हाई."

तिने ती भाकरी माझ्या ताटात टाकली.

पुढच्याच आठवड्यात दुपारी गावाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बांधावर बसलेला बिबट्या, आणि खाली लिहिलेलं, 'आपल्या गावात, पाटाच्या रस्त्याला.' तासाभरात फोन गरम होईल एवढे मेसेज आले. एक म्हणे दोन आहेत, दुसरा म्हणे पिल्लंही आहेत, तिसऱ्याने भलत्याच गावचे रक्ताचे फोटो टाकले. मी सगळं वाचत बसले. माझी मामेबहीण दहावीला आहे आणि पहाटेच्या जादा तासाला ती याच पाटाच्या रस्त्याने सायकलवर जाते. दोन्ही बाजूंना ऊस.

"उद्यापासून तास बंद," मामा म्हणाला. "परीक्षेपतूर घरीच अभ्यास कर."

"आणि गणित कोण शिकवणार? तुम्ही?"

"ताई हाय की," मामाने माझ्याकडे बोट केलं.

"ताई बोलत तरी नाही, पप्पा."

मामा हसला, पण निर्णय बदलला नाही. बहिणीचे डोळे भरले. पूर्वपरीक्षेत गणिताने तिला रडवलं होतं आणि त्या तासांनीच ती जरा सावरली होती. मला वाटलं, आता मामी भांडेल. ती म्हणाली, "संध्याकाळचं दूध हू द्या, मग ठरवू."

त्या संध्याकाळी मी केंद्रात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. येणारा प्रत्येक जण बिबट्याच सांगत होता. मामी नमुना मशीनला लावायची आणि विचारायची, "तुमी सोता बघितला का?"

"व्हिडिओत बघितला."

"व्हिडिओत मीबी बघितला. त्यात मागं नारळाची रांग हाय. आपल्या पाटाला नारळ कवा लावलं?"

लोक हसले. एक जण म्हणाला, "मंग खोटं हाय म्हना की सगळं."

"खोटं कुठं म्हनले? व्हिडिओ हिकडचा न्हाई, एवढंच म्हनले."

हे मला फार आवडलं. मी असते तर एकतर घाबरले असते, नाहीतर सगळंच खोटं म्हणून मोकळी झाले असते. मामी तिसऱ्याच जागी उभी होती.

शेवटी पाटापलीकडचे एक आजोबा आले. त्यांचं कुत्रं कालपासून गायब होतं आणि पाणी दिलेल्या सरीत पाय उमटले होते. "कुत्र्याचं न्हवं. मोठालं, आन् मांजरागत, नखं न उमटलेलं." सरपंचांनी वन विभागाला फोन केला होता, माणसं सकाळी येणार होती.

मामीने पावती फाडली आणि विचारलं, "तळावर सांगितलं का कुनी?"

तळ म्हणजे पाटापलीकडच्या त्याच उसाच्या कडेला पडलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या. पाथर्डीकडची माणसं, लहान लहान लेकरं घेऊन आलेली.

"ग्रुपवर टाकलंय की," कुणीतरी म्हणालं.

"ते कुठं हाईत आपल्या ग्रुपात?"

मामीने मशीन पुसलं, केंद्राला कुलूप लावलं आणि मामाला पिकअप काढायला सांगितली. जाताना मला म्हणाली, "चल, तूबी."

कोपीपुढे एक बाई चुलीवर भाकरी करत होती. मामीने विचारताच ती सहज म्हणाली, "व्हय, काल दिस मावळताना बघितला की. ह्या उसातून निघाला आन् पाटाकडं गेला. लेकरं आत घेतली मंग."

"सांगितलं न्हाई कुनाला?"

"कुनाला सांगावं? आमाला कोन वळखतंय हितं?"

मामी तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. बराच वेळ दोघी ऊस, लेकरं, गावाकडची जनावरं असं बोलत राहिल्या. मामीने तिचा नंबर घेतला, आपला दिला. मामाने जवळच्या मोटरीच्या खांबावरून कोप्यांपर्यंत वायर ओढून एक बल्ब लावला, आणि लेकरं एकटी सोडू नका, असं तिथल्या सगळ्यांना सांगितलं.

घरी आल्यावर मामीने मला मेसेज लिहायला बसवलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. व्हिडिओ आपल्या गावचा नाही. पाटापलीकडच्या उसात बिबट्या काल संध्याकाळी तळावरच्या बाईने स्वतः पाहिला. पाटाच्या रस्त्याने जाऊ नये. वरच्या डांबरी रस्त्याला कुणाला काही दिसलेलं नाही. वन विभागाची माणसं सकाळी येतील. बिबट्या आत्ता कुठे आहे, ते माहीत नाही.

मी शेवटी लाल खुणा टाकून 'सावधान' लिहिलं. "ते काढ," ती म्हणाली. "काय करायचं ते सांगितलंय. भ्या कशाला वाढवायचं?"

मी काढलं. ऑफिसचं लिखाण तपासणं हेच माझं काम आहे, पण 'माहीत नाही' असं इतक्या सरळ लिहिलेलं मी क्वचितच पाहिलंय.

मामाने मेसेज दोनदा वाचला. "वरच्या रस्त्यानं जाऊ दे मंग," तो म्हणाला, "पन उजाडल्यावर, आन् समद्या पोरी मिळून. मी मागं येतो." बहिणीने सरांना फोन केला, सरांनी तास उशिरा ठेवला.

सकाळी फाटकातून पाहिलं, तर पुढे पोरींच्या सायकली आणि मागे मामाची मोटरसायकल, सायकलच्याच वेगाने गुरगुरत चाललेली. माझा हात फोनकडे गेला. मामी किटल्या धूत होती. मी फोन खिडकीत ठेवला आणि किटल्या पालथ्या घालायला लागले.

बहीण परत आली ती फणफणतच. "आई, पप्पांना सांग, मागून हॉर्न वाजवू नका. सगळ्या मला चिडवतात, वरात निघाली म्हणून."

"वाजवू दे. तास झाला का?"

"झाला."

"समजला?"

"बराचसा."

"न्हाई समजलं ते ताईला विचार," मामी म्हणाली. "बोलती ती, जरा थांबावं लागतं."

बहीण वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.