मी गढूळ केलेली विहीर

विहीर पुनर्भरणाचं काम मंजूर होण्याआधी ते फसण्याची जोखीम किती, हे लिहून देणं माझं काम. नागपुरात भूजलातला जाणकार म्हणून मला बऱ्यापैकी मान आहे. चर्चासत्रांना बोलावतात, मीही हौसेने बोलतो. कुहीकडच्या त्या गावाबद्दल मात्र तिथे कधी तोंड उघडलं नाही.

मे महिन्यात गेलो होतो. नाल्याचं पावसाळी पाणी एका खड्ड्यात वळवायचं, गोटे, गिट्टी आणि वाळूच्या थरांतून गाळायचं आणि शेजारच्या विहिरीत सोडायचं, अशी योजना. विहीर बौद्ध वस्तीतली, एका बाईंच्या सासऱ्यांनी स्वतः खणलेली. आठ घरं तिचंच पाणी पीत. उन्हाळ्यात ती तळ गाठते, एवढीच तक्रार होती. नाला कोरडा ठणठणीत, वाळू स्वच्छ. मी काठावर उभ्या उभ्याच फॉर्म भरायला घेतला.

बाई म्हणाल्या, "आता साफ दिसून राहिला साहेब. रोवणीच्या टायमाले या. वरच्या साऱ्या बांध्यांचा चिखल इकडूनच जाते."

धानाच्या रोवणीआधी बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखल करतात आणि जास्तीचं गढूळ पाणी नाल्यात सोडून देतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण जोखीम 'जास्त' लिहिली, की पावसाळ्यात परत येऊन गाळ तपासा, काम वर्षभर लांबणीवर टाका. त्यात ऊन मी म्हणत होतं. आणि खरं सांगायचं तर, गावातल्या एका बाईने मला भूजल शिकवावं, हे मनाला झोंबलं होतं. बाकीची कारणं मी नंतर जुळवली.

"फिल्टर आहे ना ताई," म्हणालो आणि 'कमी'वर खूण केली.

पावसाआधी काम उरकलं. रोवणी सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात फोन आला. जाऊन पाहतो तर खड्ड्यातली वाळू गाळाने गच्च बसलेली आणि नाल्याचं पाणी वरून वाहत थेट विहिरीत पडत होतं. विहीर चहाच्या रंगाची झाली होती. पुढे दोनदा उपसली, पण तळाचे झरे बुजले होते. बायका हंडे घेऊन गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या हातपंपावर जाऊ लागल्या.

मग काम फसल्याचा अहवाल लिहायची वेळ आली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'लाभार्थ्यांनी फिल्टरची वेळोवेळी साफसफाई केली नाही.' सगळेच असं लिहितात. आज हे सांगतानाही माझीच मला लाज वाटते. खाली लाभार्थ्याची सही लागते. बाई न वाचता सही करतील, असं मी धरून चाललो होतो.

त्यांनी आतून चष्मा आणला, ओट्यावर बसून एकेक ओळ वाचली. त्या ओळीशी थांबल्या. मी उगाच मोबाइल काढून बघत बसलो.

"साफ कराले लागते, हे आमाले कोणी सांगतलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग विचारलं, "मी सही नाही केली तर तुमची नोकरी जाईन काय?"

मी 'हो' म्हणालो. जाणार नव्हती. फार तर एक लेखी खुलासा द्यावा लागला असता.

त्यांनी माझ्याकडे पेन मागितला आणि पूर्ण नाव लिहून सही केली.