सीटखालचं खुरपं

मंडळी, आज जीपचे टायर बदलायला गेलो होतो. शुक्रवार पेठेतल्या घरातून तासाभरावरच्या मोडनिंबच्या शेतावर माझी रोजची ये-जा. जवळजवळ सगळा डांबरी रस्ता, शेवटी थोडी काळी माती.

मी खोल खाचांच्या टायरवर अडून बसलो. दुकानदार म्हणाला, "डांबरीवर लई आवाज करतील. आन काळ्या मातीत कुठल्याबी खाचा भरत्यातच की!"

हे वडीलही सांगायचे. सत्तरच्या दशकात ते उजनी धरणाच्या मोजणीची सरकारी जीप चालवायचे. पाण्याखाली जाणाऱ्या एका गावात त्यांची जीप रुतली. हात लावायला कुणी पुढं येईना. शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं खुरपं आणून दिलं. "चाकातली माती काढा आन जावा. परत येऊ नगा."

माती खरवडली, जीप निघाली, खुरपं जीपमध्येच राहिलं. ते परत द्यायला जायचा वडिलांना धीर झाला नाही. मग गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं.

आज मी बेताच्या खाचांचे टायर घेतले. वडिलांकडून आलेलं ते खुरपं अजून माझ्या सीटखाली आहे, चिखलात रोज कामाला येतं. प्रत्येक वेळी धुऊन, पुसून ठेवतो.

सांगा, ते आता कुणाला परत करू?